घरात राहणार कोण कोण

मंगळवार, संध्याकाळ. बीड.

घरासाठी आज तिसऱ्या एजंटाकडं गेलतो. आधीचे दोघं लबाड. माझ्यासमोर "काका, मी तुमचाच माणूस", अन् घरमालक दिसला की लगेच त्याच्या बाजूनं बोलणार. हा तिसरा, सलीमभाई, फक्त घेणाऱ्याचंच काम करतो. मालकाचा चहासुद्धा पीत न्हाई म्हणे. त्यानं भाव विचारला न्हाई की गल्ली. पहिलाच सवाल, "काका, घरात राहणार कोण कोण?"

मी म्हणलं, "आमी दोघं."

कावून म्हणलं? सुमनला जाऊन अख्खा पावसाळा सरला. तोंडातून अजून दोघंच निघतं.

मग त्यानं विचारलं, "काकूंना जिना झेपतो का?"

"न्हाई. गुडघे लई दुखतात तिचे." दुखायचे, असं म्हणायला पायजे होतं.

"मग तळमजलाच. विकणारा काय बी म्हणू द्या."

राहणार कोण कोण... इतक्या दिवसांत तिची बाजू घेणारं कुणीतरी भेटलं. काम त्यालाच दिलं.

निघताना तो म्हणला, "रविवारी एक घर दाखवतो. काकूंना संग आणा, ओटा त्यांच्या पसंतीचा पायजे."

आणतो म्हणलं.