सातव्या रांगेची सही

प्रिय घुबडे,

फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस. काल पाऊण तास तुझ्या दारात उभी होते, शेवटी शेजारच्या काकूंनी हाकललं मला. म्हणून हे पत्र दाराखालून सरकवतेय. फाडायचं तर फाड, पण आधी वाच. शुक्रवारी चौकशी समिती तुझ्यापुढे कबुलीचा कागद ठेवणार आणि तू निमूट सही करणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. सही झाली की नोकरी गेली, पेन्शन गेली, वर पोलीस केस. बावीस वर्षं त्या किरणोत्सारी कचऱ्याच्या पिंपांपायी मान मोडून राबलीस आणि आता नावापुढे काय लागणार, तर चोरांना सामील!

सारखं आपलं पहिलं वर्ष आठवतं. मी मंत्रालयाची तज्ज्ञ म्हणून मोठ्या तोऱ्यात आले आणि तू मला गोदामाच्या दारातून परत पाठवलंस, का तर उजव्या पायात डावा बूट घातला होता. काय संतापले होते मी! मग तूच शिकवलंस सगळं. झाकणावरचं सील चिमटीत धरून कसं फिरवायचं, नंबर मोठ्याने कसा वाचायचा. नियम साधा होता. आतल्या मालाला कुणी हात लावलेला नाही याची खात्री म्हणून प्रत्येक सील दोघींनी बघायचं, दोघींनी सही करायची. पण आत जितका वेळ थांबावं तितके किरण अंगावर. म्हणून आपण रांगा वाटून घेतल्या. सम तुझ्या, विषम माझ्या. तू बघितलंस म्हणजे मी बघितलं. टूम माझीच. तू आठवडाभर कुरकुरत होतीस.

लेक रोज विचारते, मावशी का येत नाही. गणितात काठावर पास झालीय, तुला सांगायला टपून बसलीय. आई माझ्याशी धड बोलत नाही. तिला वाटतं मी काहीतरी लपवतेय, आणि तिच्यापुढे कुणाचं काय चालतंय? तू मात्र मनाशी ठरवून मोकळी झालीस, की हिला लेक आहे, म्हातारी आई आहे, आपल्याला मागेपुढे कोण आहे? अगं मूर्ख बाई, मग आम्ही तिघी तुझ्या कोण? जेवताना ताटं चार जणींची मांडली जातात अजून, मग लेकच एक उचलून ठेवते.

यंदा सातव्या रांगेत एका पिंपावर भलत्याच नंबरचं सील निघालं, आणि गंजावरून ते निदान दोन वर्षांचं आहे म्हणे. म्हणजे पिंप कधीच उघडलं गेलं होतं आणि गेल्या वर्षीचा आपला तपासणीचा तक्ता खोटा होता. आतलं काय गेलं, कुणी नेलं, देव जाणे. तक्त्यावर अक्षर तुझं, पहिली सही तुझी, दुसरी माझी. अध्यक्षांनी मला विचारलं आणि मी काय बोलले ते तू ऐकलंस. मी म्हणाले, तिच्या शब्दावर विसंबून सही केली. तू समोरच बसली होतीस. चष्मा काढून पुसलास आणि परत डोळ्यांवर चढवलास. त्यापेक्षा माझ्या थोबाडीत मारायची होतीस गं.

सातवी रांग विषम, म्हणजे माझी, हे आपल्या दोघींखेरीज कुणाला सांगून कळणार? गेल्या वर्षी तपासणीच्या दिवशी आईला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. मी सातव्या रांगेत पाऊलसुद्धा टाकलं नाही. बाहेर बाकावर बसून आदल्या वर्षीचे नंबर कच्च्या कागदावर उतरवले, तुला वाचून दाखवले आणि तू विश्वासाने तक्त्यात लिहिलेस. आज सकाळी हे सगळं मी समितीला लिहून दिलं. अध्यक्षांनी चहा मागवला, मैत्रिणीसाठी एवढं करणारी माणसं हल्ली मिळत नाहीत म्हणाले आणि कागद माझ्या हातात परत ठेवला. मंत्रालयाची तज्ज्ञ खोटी ठरण्यापेक्षा गोदामाची तपासनीस दोषी ठरलेली परवडते त्यांना. माझ्या खऱ्याला आता कुणी विचारत नाही. पुरावा एकच आहे आणि तो तुझ्या कपाटात आहे. किरणांच्या हिशेबासाठी कोण कुठल्या रांगेत किती मिनिटं होतं, ते तू वहीत टिपतेस. त्या तारखेला बाकीच्या विषम रांगांपुढे माझं नाव आहे, सातव्या रांगेपुढे मात्र कुणाचीच वेळ नाही. तूही ते आता पाहिलं असणार, म्हणून तर दार लावून बसलीस. माफी मागायला मला तोंड नाही, मागतही नाही. पाया पडते तुझ्या, शुक्रवारी सही करू नकोस. ती वही त्यांच्या टेबलावर टाक आणि माझ्या तोंडावर सांग, की मी खोटं बोलले.

तुझीच,
धांदरट