पंखा वाजत नाही

प्रिय ताई,

माझं अक्षर पाहून आधी हसून घे. ढापण्या कागदावर लिहायला लागला म्हणजे आजारी तरी असणार, असं तू आईला सांगशील. आजारी नाही. फोन आपल्या दोघांचेही कंपनीचे, म्हणून हे मामांच्या हाती देतोय. एकच कर, पूर्ण वाचून होईपर्यंत कंपनीचा लॅपटॉप उघडू नकोस.

आधी कामाचं सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. आमच्या कंप्युटर विभागाने सगळ्यांच्या मशीनवर फाइली शोधायचा जो प्रोग्राम बसवला, त्याला तू किती शिव्या घातल्या होत्यास! फाईल सापडेपर्यंत माझी रिटायरमेंट येईल, असं जेवताना म्हणाली होतीस. तुझा लॅपटॉप तर गिरणीसारखा घरघरायचा. खरं तर ते माझ्या मनाविरुद्धच झालं होतं. एवढ्याशा कामाला इलेक्ट्रॉन नावाचा तो तयार सांगाडा नको, म्हणून मी पहिल्यापासून कानीकपाळी ओरडत होतो. एक खिडकी दाखवायला ते अख्खा ब्राउझर पोटात घेऊन चालतं, म्हणजे भाजी आणायला ट्रक काढण्यातला प्रकार. त्यात फाइली वाचायचं काम पायथन या संथ भाषेत, तेही रमतगमत. पण साहेबांना लवकर हवं होतं आणि ते लिहिणारे ढिगाने मिळतात, त्यामुळे माझं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही.

मग मध्यंतरी साहेबांनीच मला बोलावून सांगितलं, नव्याने लिही, हवी ती भाषा घे, फक्त हलकं कर. मला आकाश ठेंगणं झालं. वाचणारा भाग रस्ट या चपळ भाषेत लिहायला घेतला. सी प्लस प्लसमध्येही झालं असतं, पण त्यात मेमरीच्या चुका निस्तरत बसावं लागतं आणि तेवढा धीर माझ्यात नाही हे तुला ठाऊक आहे. खिडकीसाठी टाउरी नावाचं हलकं साधन घेतलं, म्हणजे मशीनमध्ये आधीच असलेला ब्राउझर वापरायचा, नवा लादायचा नाही. माणूस टाइप करत असला की थांबायचं, तो चहाला उठला की थोडं वाचून घ्यायचं, असं त्याला शिकवलं. तुझ्या त्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर चालेल तरच पास, ही माझी कसोटी होती. मी स्वतःवर फार खूश होतो, ताई. आईला फोनवर पिडलंसुद्धा.

खटकायला लागलं ते नंतर. किती पटकन सापडतं, हे साहेबांनी एकदाही विचारलं नाही. विचारायचे ते एवढंच, की पंखा वाजतो का, कर्सर अडतो का, कोपऱ्यात काही चिन्ह दिसतं का. कुठला शब्द कुठल्या फाइलीत आहे याची सूची प्रत्येकाच्या मशीनवरच राहते. ती आपल्या सर्व्हरवर आण, असं एक दिवस म्हणाले. मी म्हटलं, मग लोकांना विचारून आणू. ते हसले आणि म्हणाले, विचारायचंच असतं तर जड असलेलंही चाललं असतं. तरी मी ते करून दिलं आणि नवा प्रोग्राम गुपचूप सगळ्यांच्या मशीनवर चढला.

आता तुझ्याकडे येतो. लहान मुलांच्या औषधाची जी खेप तू तपासणीत नापास केलीस, तिचा तुझा अहवाल आणि वरून ‘पास’ होऊन आलेला अहवाल, दोन्हींच्या प्रती तू ‘स्वेटरचे नमुने’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्यास. मला दाखवताना काय ऐटीत होतीस, की माझ्या विणकामात कोण नाक खुपसणार! ताई, हा प्रोग्राम फोल्डरचं नाव वाचून परत फिरत नाही. तो फाइलीच्या आत शिरतो आणि शब्द न् शब्द वाचतो. मीच तसा लिहिलाय. मला भीती वाटतेय.

काल दुपारी साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि चाचणीसाठी एक आकडा सांगितला. तो त्याच खेपेचा क्रमांक होता. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं, एकच मशीन, एकच फोल्डर. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, ताई सुटीवर आहे ना, आईकडेच का. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या घरच्यांची कधी चौकशी केली नव्हती. मी हो म्हणून बसलो. म्हणून हे पत्र. लॅपटॉप नेटला जोडला गेला तर त्यांना तो इथूनच पुसता येईल, तेव्हा तो बंदच ठेव आणि तसाच वकीलमावशीकडे ने. आईला एकटीला मागे ठेवू नकोस. मामांना बसायचा आग्रह करू नकोस, तुम्हा दोघींना न्यायला त्यांनी गाडी दारात चालूच ठेवली असेल. काल सकाळी तू लॅपटॉप उघडलास तेव्हा पंखा वाजला नाही, म्हणून तुला बरं वाटलं असेल. तेव्हाच तो वाचत होता.

तुझाच,
ढापण्या