पंगतीत मांडलेली पत्रावळ

आत्याबाई,

आज दुपारी आपल्या घरावरची केबलची वायर मी काढून टाकायला लावली. गच्चीवर आता डिशची छत्री बसली आहे. तुमच्या लेकाला विचारलं नाही. तुम्ही होतात तोवर या घरातला चमचासुद्धा मी तुम्हाला विचारल्याशिवाय हलवला नाही, आणि आता हे एवढं केलं! रागावला असाल. रागवा. पण का केलं ते माझ्याच तोंडून कळावं, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. आलेला कागद तुमची नात प्रज्ञा तुम्हाला वाचून दाखवायची. हा मात्र मी तिला दाखवणार नाही. तुम्हीच वाचा. आता येत असेल तुम्हाला.

केबल की छत्री, हा वाद आपल्या घरात किती महिने चालला, आठवतं ना? हे शाळेतून आले की सुरू व्हायचे. "माय, केबलच्या चित्रात नुसत्या मुंग्या. माकडं वायर तोडतात, मंग रमेशच्या मांगं मांगं फिरा. छत्री बसवली तं काचेवानी चित्र दिसते!" प्रज्ञा बाजूला उड्या मारायची, तिला दिवसभर कार्टून हवं होतं. आणि तुम्ही खाटेवर बसून सुपारी कातरत एकच विचारायच्या, "तुह्या त्या छत्रीत आपलं सुलतानपूर दिसते का?"

नाही दिसत. तिथंच ह्यांचं बोलणं संपायचं.

रमेश केबलवाल्याचं ते गावचं चॅनल म्हणजे तुमचा जीव होता. दुपारी त्याच्याकडे लावायला दुसरं काही नसायचं, म्हणून तो गावातल्या लग्नांच्या कॅसेटा लावून द्यायचा. कोणाची हळद, कोणाची वरात, कोणाची पंगत. तुम्ही एकेका माणसाला नावानं ओळखायच्या. ही वारली, हा सुरतला गेला, हिला नवऱ्यानं टाकलं. मला किती मजा वाटायची तुमच्याजवळ बसायला! वरवट बकालहून सून होऊन आले तेव्हा मला इथलं कोणीच ठाऊक नव्हतं. अर्धं गाव मी त्या टीव्हीत ओळखायला शिकले. म्हणूनच त्या वादात मी तुमच्या बाजूची होते. खरंच होते.

मग ती दुपार आली. मी लसूण सोलत होते. टीव्हीवर इंगळ्यांच्या लताचं लग्न चाललं होतं. विहारासमोरचा मांडव, पांढऱ्या साडीतली लता, पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं. पुरुषांची पंगत बसली होती. तुम्ही एकदम सुपारी खाली ठेवली.

"सुनंदा, हे पाय. बसेल हायेत."

"कोण, आत्याबाई?"

"कोण म्हन्ते! तुहे मामाजी."

मला हसू आलं होतं, माफ करा. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा मामाजी, माझे सासरे, हयात नव्हते. लताचं लग्न तर माझ्या लग्नानंतरचं, त्या मांडवात तुमच्याबरोबर मीही होते. मी तुम्हाला हळूच म्हटलं, "मामाजी तं त्याच्या आधीच गेले ना?"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मीच वेडी! "मले ठाऊक नाई का? मीच तं त्याहीच्या तोंडात पानी घातलं."

मी पाहिलं. रांगेच्या शेवटी, मांडवाच्या खांबाजवळ एक म्हातारा मान खाली घालून जेवत होता. उजवा हात दुपट्ट्याखाली झाकलेला. डाव्या हातानं घास घेत होता. मामाजींच्या उजव्या हाताची बोटं कडब्याच्या कुट्टी मशीनमध्ये गेली होती आणि लग्नाकार्यात ते तो हात झाकून बसायचे, हे मला तुम्हीच कधीतरी सांगितलं होतं. कॅमेरा पुढे सरकला. तोंड काही दिसलं नाही. पण माझ्या हातातला लसूण तसाच राहिला.

असेल कोणी तसलाच, असं मी स्वतःला समजावलं. तुम्ही मात्र त्या दिवसापासून दुपारची वाट पाहू लागलात. वेणी घालून, स्वच्छ लुगडं नेसून टीव्हीसमोर बसायच्या. तुमच्या वयात, आत्याबाई! मला गंमतही वाटायची आणि भीतीही.

मी ह्यांना सांगितलं. हे शाळेत विज्ञान शिकवणारे. ते माझ्यावर चिडले. "आपल्यात हे भूतखेत कोणी मानत नाई. मायचे डोळे अधू झाले, तुहे कायले झाले?" आणि खोटं पाडायचंच म्हणून एका रविवारी तुमच्या शेजारी खाटेवर येऊन बसले.

त्या पंगतीत हे स्वतः वाढायला होते. टीव्हीत दिसले, भाजीची बादली घेऊन रांगेतून चाललेले. केस काळे, अंगानं सडपातळ. तुम्ही म्हणालात, "पाय, किती झटझट वाढून राह्यला माहा पोरगा!" हे हसले. मग टीव्हीतले हे खांबाजवळ आले, वाकले आणि त्या म्हाताऱ्याच्या पत्रावळीत भाजी वाढली. म्हाताऱ्यानं डावा पंजा आडवा धरला. बस, एवढी पुरे.

ह्यांनी उठून टीव्ही बंद केला. बाहेर ओट्यावर मी पाणी घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "ती जागा आम्ही सोडेल होती, सुनंदा. खाली ओल होती. तिथं कोणी बसलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी छत्रीवाल्याला निरोप धाडला. आणि तुम्ही ह्यांना काय म्हणालात? "वायर तोडशीन तं मी तुह्या घरचं पानी नाई पेनार." लेकाची काय बिशाद मग! छत्रीचं राहून गेलं. केबल तशीच राहिली.

आता एक विचारू? तुम्ही आमच्या घरचं जेवण का सोडलंत?

आधी नुसतं रात्रीचं सोडलं. मग सकाळचंही. ताट घेऊन यायचे तर म्हणायच्या, "मी जेवली." कुठं जेवलात, विचारलं की टीव्हीकडे पाहायच्या, लाजल्यासारख्या. "लय चांगलं वाढतेत तिथं. वांग्याची भाजी तं अशी झाली व बाई!" मी समजले, वय झालं, भ्रम होतो. पण एके दिवशी तुमचे हात पुसायला घेतले तर नखांत हळद होती. बोटं तेलकट. वांग्याच्या भाजीचा वास येत होता, लग्नातल्या, मोठ्या गंजात शिजवलेल्या भाजीचा. आपल्या घरात त्या आठवड्यात वांगं आलंच नव्हतं, आत्याबाई! मी ते कोणाला बोलले नाही. कसं बोलू? कोणाला सांगू की सासू टीव्हीत जाऊन जेवून येते?

मेहकरच्या डॉक्टरांनी तपासलं. आजार सापडला नाही. "खात नाहीत, म्हणून खंगल्यात," एवढंच म्हणाले. मी पेज केली, शिरा केला, तुमच्यापुढे हात जोडले. तुम्ही माझ्या गालावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "पोट भरेल हाये माहं, पोरी." आणि दिवसेंदिवस खाटेत दिसेनाशा होत गेलात. एका दुपारी चहा घेऊन आले, तर टीव्ही चालू होता, खाटेवर नुसता तुमचा देह होता, तुम्ही नव्हतात. तोंडावर असं समाधान होतं, की मला क्षणभर रडूच येईना.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी रमेश केबलवाला आला होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "भाऊ, ते लताचं लग्न आता नका लावत जाऊ."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "कोनतं, वैनी? इंगळ्यायचं? ते तं मी कईपासून लावलंच नाई. त्याहीनं कॅसेट वापस नेली."

"मग दुपारी काय लावता?"

"तवापासून दुपारी मी चॅनल बंदच ठेवतो."

पण तेव्हाही मी वायर काढली नाही. वाटलं, आता पाहणारंच गेलं. संपलं.

संपलं नव्हतं. ज्यांना छत्री हवी होती तेच आता म्हणायला लागले, "राहू दे केबल. मायची आठवण हाये." शाळेतून आले की तुमच्या खोलीत जायचे. चपला काढायचे, तुमच्या खाटेवर बसायचे. प्रज्ञा गणित विचारायला गेली तर तिच्यावर खेकसले, जे कधी खेकसत नाहीत. मी दारातून पाहायचे, तर टीव्हीचा उजेड नुसता तोंडावर हललेला दिसायचा. आत जायचा धीर झाला नाही.

परवा झाला. आत गेले आणि पाहिलं.

तीच पंगत. आत्याबाई, त्या लग्नात तुम्ही बायकांमध्ये होतात, लताच्या आईशेजारी पदरानं वारा घेत. तुम्हाला तिथं मी कितीदा पाहिलं होतं! परवा तिथं तुम्ही नव्हतात. तुम्ही पुरुषांच्या रांगेत होतात, खांबाजवळ, मामाजींच्या शेजारी. सगळ्या पुरुषांत एकटी बाई. मामाजींनी मान वर केली होती आणि तुमच्याशी काही बोलत होते. तुम्ही हसत होतात. इतक्या सुंदर दिसत होतात, की मला हाक मारावीशी वाटली.

आणि तुमच्या पलीकडे एक पत्रावळ मांडलेली होती. पाण्याचा गिलास भरलेला. समोर माणूस नाही.

मी ह्यांना शोधलं, टीव्हीतल्या ह्यांना. ते वाढत नव्हते. भाजीची बादली मांडवात खाली ठेवलेली होती. वाढणारा कुठंच नव्हता.

त्या संध्याकाळी मी ताट वाढलं. हे म्हणाले, "भूक नाई, सुनंदा. जेवलो मी."

मी ह्यांचा हात हातात घेतला. त्यांना वाटलं प्रेमानं घेतला. मी वास घेत होते, आत्याबाई. वांग्याच्या भाजीचा वास होता.

कालही जेवले नाहीत.

म्हणून आज, हे शाळेत गेल्यावर, मी मेहकरच्या छत्रीवाल्याला बोलावलं. रमेशलाही बोलावलं. बिचारा आपलं गिऱ्हाईक जातंय म्हणून नाराज होता. "वैनी, सरले विचारलं का?" मी म्हटलं, "सर आले की सांगीन. तुम्ही तोडा." त्यानं तुमच्या खोलीत जाऊन टीव्हीमागची पिन ओढली. पडद्यावर मुंग्या आल्या. पण पंगतीचा गलका थांबला नाही. पाणी आणा, भाजी आणा, इकडं वाढा, असा थोडा वेळ चालूच राहिला, आणि मग एकेक माणूस उठून गेल्यासारखा कमी कमी होत गेला. रमेशनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. त्यानं वायर गुंडाळली आणि माझा चहासुद्धा न घेता गेला.

हे आले. सरळ खोलीत गेले. मी दाराशी उभी होते. नवा रिमोट घेऊन ह्यांनी एकामागून एक चॅनल पालटले. गाणी, बातम्या, क्रिकेट, वाघ, कोणी पोळ्या लाटणारी बाई. चित्र खरंच काचेसारखं होतं. पालटत राहिले, पालटत राहिले. मग रिमोट खाटेवर ठेवला.

"काऊन केलं, सुनंदा?"

मी भांडायची तयारी करून ठेवली होती. काय काय बोलणार होते! एवढंच बोलता आलं, "प्रज्ञाले बाप पाह्यजे."

हे लहान पोरासारखे रडले. तुम्ही गेलात तेव्हाही असे रडले नव्हते. मी भाकर टाकली, मुगाचं वरण केलं, आणि ताट तिथंच खोलीत नेलं. प्रज्ञा शेजारी येऊन टेकली. तिनंच पहिला घास भरवला. हे जेवले, आत्याबाई. आधी हळूहळू, मग भुकेल्यासारखे. भाकरी मागून घेतली.

मला तुमचा राग नाही. खरंच नाही. तुम्ही लेकाला बोलावलंत ते मायेनंच, हे मला कळतं. चांगली पंगत बसली की आपलं माणूस शेजारी असावं असं कोणाला नाही वाटत? एवढी वर्षं मामाजींशिवाय काढलीत, आता दोघं एकत्र बसलात, बसा. पोटभर जेवा. पण ह्यांना वाढू नका. हे अजून माझ्या घरी जेवतात.

मी शब्द देते. जोवर माझे हात चालतात तोवर तुमच्या लेकाला उपाशी ठेवणार नाही. समोर बसून वाढीन, नको म्हणाले तरी वाढीन. प्रज्ञाला वाढवू, शिकवू, तिचं लग्न करू, तिची पोरं खेळवू. मग आम्ही दोघं मिळून येऊ, तुमच्या शेजारी बसू. तेव्हा तुम्ही जे वाढाल ते खाईन.

तोवर ती मांडलेली पत्रावळ तेवढी उचलून ठेवा.

तुमची सून,
सुनंदा