खुर्ची नादुरुस्त आहे

वाल्येवो, ११ नोव्हेंबर २०१८

चि. तिहोमीर यास ताईचे खूप खूप आशीर्वाद.

फोनवर तू सगळं ठीक म्हणतोस आणि मोकळा होतोस, म्हणून हे पत्र. पत्राला निदान दोन ओळी तरी खरडाव्या लागतात. आयवार चटणीच्या सहा बाटल्या बसने पाठवल्या आहेत. मिरच्या भाजून सोलता सोलता माझी बोटं अजून चुरचुरतायत, तेव्हा ब्रेडवर ओतून चार दिवसांत फस्त करू नकोस. तुझ्या भावोजींचा, मिलोरादचा, कारखाना बंद झाला तो झालाच. सध्या घर माझ्या दातांच्या दवाखान्यातल्या पगारावर चाललंय.

शेजारच्या सावेताकाकूंनी विचारलं, तुझा भाऊ नोवी सादला करतो तरी काय? म्हटलं, संशोधन. कसलं, तर आरोग्याचं. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांना एचआयव्हीची तपासणी न् औषधं नीट मिळतात का हे विचारत फिरतो, असं सांगितलं असतं तर त्यांनी संध्याकाळपर्यंत गावभर केलं असतं. तूही त्यांच्यातलाच, हे मला तुझ्या शाळेपासून ठाऊक आहे आणि त्यावरून मी तुला कधी बोलले नाही. पण गावाच्या तोंडाला कोण लागणार?

त्यावरून आठवलं. आमच्याकडे दाढ दुखते म्हणून एक चाळिशीचा माणूस आला होता. फॉर्मवर, कोणती औषधं घेता, यापुढे त्याने एचआयव्हीच्या गोळ्या असं सरळ लिहून टाकलं. डॉक्टर व्लाहोविचनी मला दुसऱ्या दिवशी फोन करायला लावला, की खुर्ची नादुरुस्त आहे, दिलेली वेळ रद्द. आठवड्याने त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच सांगितलं. तो म्हणाला, बरं, दुरुस्त झाली की कळवा. मला कसंतरीच झालं. पण लोक किती भोळे असतात बघ.

पत्राची वाट बघते. अंगात स्वेटर घालत जा.

तुझी ताई,
रुझित्सा


नोवी साद, २० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

आयवार पोचलं. दोन बाटल्या संपल्याही, आता रागाव.

पण आज रागावायची पाळी माझी आहे. तो माणूस भोळा नव्हता, ताई. खुर्ची ठणठणीत आहे हे त्याला पहिल्याच फोनला कळलं असणार. दुरुस्त झाली की कळवा, हे तो तुला म्हणाला कारण तुला खोटं पाडायचं त्याच्या जिवावर आलं.

मी आजवर एकवीस जणांशी बोललो. त्यातल्या काहींची लग्नं झालीत. बायकोवर जीव आहे, पुरुषावरही जडलेला आहे, आणि दोन्हीकडची भीती एकट्याने वाहतात. आमच्या यादीत एक प्रश्न आहे, तुम्हाला कुणी उपचार नाकारले का? अकरा जण हो म्हणाले. पण नाकारतो असं दवाखान्यात तोंडावर कुणीच म्हणत नाही. डॉक्टर रजेवर असतात, मशीन बंद असतं, खुर्ची बिघडलेली असते. मग पुढच्या खेपेला माणूस फॉर्मवर खरं लिहीत नाही. त्याच्या पुढच्या खेपेला येतच नाही.

गोळ्या नियमित घेतल्या की विषाणू रक्तात इतका कमी होतो, की तपासणीत सापडत नाही, आणि त्या माणसाच्या शय्यासोबत्यालाही लागण होत नाही. दवाखान्याला तर वेगळं काहीच करावं लागत नाही. तू सगळ्यांसाठी जी हत्यारं निर्जंतुक करतेस तेवढं पुरतं. हे डॉक्टरांना माहीत असतं. तुला नव्हतं, म्हणून लिहिलं.

जास्त बोललो असेन तर पोटात घाल. मुलांना गोड पापा.

तुझा,
तिहोमीर


वाल्येवो, ९ डिसेंबर

चि. तिहोमीर, आशीर्वाद आहेतच, रागात असले तरी.

तुझं पत्र वाचून आधी फाडणार होते. तिथे बसून तुला लिहायला काय जातं? दोन पोरं, एक बसून असलेला नवरा, आणि महिन्याला एक पगार. डॉक्टर म्हणतील तो फोन मी करते.

मग तीन दिवस झोप नीट लागली नाही. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं, की आपण त्याला का घेतलं नाही, धोका होता का? ते हात धूत होते. म्हणाले, धोका नाही, पण बाहेर कळलं तर बाकीचे पेशंट जातील, ते तू आणून देणार आहेस का? म्हणजे त्यांना खरंच माहीत होतं रे. मला वाटलं होतं, ते घाबरले असतील. घाबरले असते तर मी समजून घेतलं असतं.

मी त्या माणसाला तीनदा फोन लावला, माझ्या स्वतःच्या फोनवरून. उचलत नाही. आमच्या भागातले काही लोक तुमच्याकडेही औषधाला येतात असं फोनवर म्हणाला होतास, मग तो तुझ्या एकवीस जणांत असेलही. त्याची दाढ खालची, उजवीकडची. आहे का एवढं सांग. मला फक्त माफी मागायची आहे.

उत्तर लवकर दे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई


नोवी साद, १६ डिसेंबर

ती. ताई, सा. न.

नाही सांगणार. आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. माणूस समोर बसला की पहिलं वाक्य मी हेच बोलतो, की इथलं इथेच राहील. कितीतरी जण त्यानंतरही उठून दार नीट लागलंय का बघतात. ते वाक्य बहिणीसाठी मोडलं तर मी कुणासमोर बसू?

मात्र एका माणसाबद्दल सांगू शकतो, कारण त्याची परवानगी आहे. तो मी आहे.

घाबरू नकोस, आधी पूर्ण वाच. चार वर्षं झाली. रोज एक गोळी घेतो, रक्तात विषाणू सापडत नाही, सर्दी तुझ्यापेक्षा कमी होते. समजलं त्याच वर्षी तुला सांगणार होतो. ईस्टरला घरी आलो होतो ते त्यासाठीच. तू नुकती दवाखान्यात लागली होतीस. जेवताना हसत हसत म्हणालीस, आमचे डॉक्टर एचआयव्हीचा संशय असलेल्या पेशंटला एकावर एक दोन-दोन हातमोजे घालतात आणि नंतर पेनसुद्धा फेकून देतात. मिलोराद हसला, आईही हसली. मीही हसलो. मग नाही सांगितलं.

गेल्या वर्षी माझी दाढ काढली. त्या फॉर्मवर मी औषधांची जागा कोरी सोडली. इतरांना धीर देणारा मी, आणि माझा हात तिथे चालला नाही. तुमच्या त्या माणसाचा चालला. म्हणून त्या दिवशी तुझ्यावर एवढा चिडलो.

आता तुला हवा तेवढा वेळ घे. पत्र आलं नाही तरी मी समजेन.

तिहोमीर


वाल्येवो, ३ फेब्रुवारी २०१९

माझ्या लाडक्या तिशा,

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण काही केल्याशिवाय लिहायला तोंड नव्हतं.

तुझं पत्र दवाखान्यात, हत्यारं धुण्याच्या खोलीत वाचलं. तो ईस्टर मला आठवेना. खूप आठवून पाहिलं. तू चार वर्षं ते घेऊन फिरलास, आणि मी म्हटल्याचं मला स्मरतही नाही. याचंच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं, की असला फोन मी पुन्हा करणार नाही. ते म्हणाले, बघू. तेव्हापासून हत्यार मागण्यापुरतं बोलतात. नोकरी सोडलेली नाही, सोडून चालणारही नाही. दुसरीकडे शोधते आहे.

त्या माणसाला मी माझ्या नावानिशी चिठ्ठी लिहिली, की खुर्ची चालू होती, खोटं मी बोलले, तक्रार करायची असेल तर साक्ष देईन. दहा दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला, तक्रार केली की बायको-मुलांपर्यंत सगळं जाईल, ते नको. दाढेचं मात्र बघा, आता सहन होत नाही.

शाबात्सला एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांना सगळं सांगून विचारलं, तर खेकसल्याच, की मी चाळीस वर्षं प्रत्येक तोंडात तेवढ्याच काळजीने हात घालते, यात विचारण्यासारखं काय आहे, घेऊन ये. गुरुवारी मी त्याला गाडीतून नेलं. बाईंनी माझ्यासमोरच हातमोज्यांची एकच जोडी चढवली, आरामात काम केलं, वर त्याला दात घासत नाहीस म्हणून रागावल्या. तो हसला तेव्हा मला बाहेर ऐकू आलं.

परतताना, तोंड अर्धं बधिर, त्याने बोबड्या आवाजात विचारलं, हे तुम्ही कुणासाठी करताय? तुमचं कुणी आहे का असं? तिशा, तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर त्याला किती बरं वाटलं असतं. पण ते मी सांगायचं नाही. म्हटलं, मी खोटं बोलले होते ना, म्हणून. तो म्हणाला, बरं, तसंच असेल.

आईला तू सांगशील तेव्हा सांग, नाही सांगितलंस तरी चालेल. माझ्या तोंडून जाणार नाही.

तुझीच,
रुझित्साताई