सहा महिन्यांचं टायपिंग

८ जानेवारी १९७३
टाइपरायटरला आज पहिल्यांदा हात लावला. करंगळी चालतच नाही. मास्तर म्हणाले, "बाई, जोरात मारा, मोडत नाही." वर्गात सगळी पोरं, मॅट्रिक होऊन नुकती आलेली. मला होऊन पाच वर्षं झाली. मलकापूरला मावशीकडे राहते, कराडला चालत येते. माझी पोरगी बेबी गावी, सासूबाईंजवळ. हे लढाईत गेल्यापासून आम्ही दोघी एकाच वाकळेवर झोपायचो, मध्ये बेबी. आता त्या दोघीच.

२२ जानेवारी
साताऱ्याला सैनिक कचेरीत जाऊन विद्यावेतन घेतलं. लढाईत गेलेल्यांच्या बायकांना शिकायला म्हणून सहा महिने मिळतं. परीक्षा झाली की कचेरीत नोकरीसाठी नाव. क्लासची फी भरली. मावशीच्या हातात जेवणाचे ठेवले. "ऱ्हाऊ दे की गं," म्हणाली, पण घेतले. तिच्याकडे तरी कुठलं.
साहेबांनी पुन्हा बजावलं, पाट लावला, दुसरं लग्न केलं, तर बंद. म्हटलं, तो प्रश्नच नाही.

४ फेब्रुवारी
गावी. विहिरीत तळाचा दगड दिसतोय. निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला.
जेवताना मामंजींनी काढलंच. "हणमंताशी पाट लावू. घरातली बाई घरात ऱ्हाईल."
हणमंत माझा दीर. मला वैनी म्हणत वाढला. ताटावरून उठून गोठ्यात गेला.
"परीक्षा तर होऊ द्या, मामंजी."
"परीक्षा झाल्यावर तू कुठं गावणार हायस?"
 सासूबाई बेबीला दुधात भाकरी कुस्करून भरवत होत्या. बेबी त्यांनाच आई म्हणते. मला नुसतं बघते.

२० फेब्रु.
वेग वाढतोय. करंगळी सुजलीय, पण चालते. मास्तर म्हणाले, अशीच राहिलात तर पहिल्या फटक्यात पास. किती दिवसांनी मी हसले. नंतर लाज वाटली.

६ मार्च
विद्यावेतन नाही. मामंजी साताऱ्याला जाऊन सांगून आले, सुनेचा पाट लागला.
साहेब म्हणाले, "घरचंच माणूस सांगतंय बाई. आम्ही कुणाचं ऐकायचं?"
 तोंडून निघालं, सासूबाईंना विचारा. त्या खोटं बोलायच्या नाहीत.
आणा म्हणाले पुढच्या आठवड्यात.

१५ मार्च
आज सासूबाई कचेरीत आल्या. मामंजी बाहेर पायरीवर तंबाखू मळत बसलेले.
"आजी, सुनेचा पाट लागलाय का?"
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पदर सारखा केला. "व्हय. लागलाय."
"कधी?"
"घरातल्या घरात."
साहेबांनी फाईल बांधली. मी नाही नाही म्हणत होते, पण शिपायानं पुढचं नाव पुकारलं होतं.
व्हरांड्यात त्यांना गाठलं. "असं का वो केलंत?"
 म्हणाल्या, "तू पास झालीस की जाशील. पोरगीबी नेशील. तिचं नाक बघ, समदं तिच्या बापाचंच हाय. मला आनि काय ऱ्हायलंय गं?"
मला तरी काय राहिलंय, एवढंच म्हणायचं होतं. 

१६ मार्च
क्लासला गेले नाही. मावशी म्हणाली, "कर की पाट. हणमंता काय वाईट हाय?" वाईट नाही. तेच तर अवघड.

२१ मार्च
हणमंत क्लासच्या दारात उभा. आत यायला संकोचला. रसवंतीच्या बाकावर बसलो, रस तसाच राहिला.
"वैनी, मी सायबाला सांगतो, न्हाई लागला पाट."
"तुझ्या आबांच्या समोर सांगशील?"
चप्पल मातीत घासत राहिला. जाताना म्हणाला, "बेबीला ताप हाय. आई उशाला बसून हाय."

२२ मार्च
पहिल्या गाडीनं गावी. मामंजी कामावर गेलेले. ताप उतरलेला. बेबी सासूबाईंच्या मांडीवर झोपलेली, एक हात त्यांच्या पदरात. त्यांचे डोळे लाल. रात्रभर जागल्या असणार.
मी म्हटलं, "हिला न्यायला आलेय."
"ने की. तुजीच हाय."
पण बेबीच्या पाठीवरचा हात काही उचलला नाही. मीही ओढलं नाही. शेजारी बसले. ऊन उंबऱ्यावरून आत आलं. फाट्यावर कराडची गाडी थांबल्याचं ऐकू आलं, मग गेल्याचं.
त्या म्हणाल्या, "जेवलीस का?"