टाच आणि चवडा

ता. ४ जून

थोरल्या लेकीस आईचा आशीर्वाद.

मी बरी आहे. दुकान बरं आहे. तुझी चिंगी बारावीनंतर अंगाने वाढली आणि जिभेनेही, ती जीभ कुणाची ते विचारू नकोस. कागदावर हातोडी ठेवून लिहितेय, म्हणून ओळी वाकड्या आल्यात. हातोडी का, तेही विचारू नकोस.

तुझं पत्र मिळालं. लेकीला कॉलेजसाठी माझ्याकडे पाठव, अर्जाची मुदत बारा तारखेला संपते, हो की नाही एवढंच कळव, पुन्हा विचारणार नाही, असं लिहिलंस. कळवते. आधी डोक्यात एक किडा शिरलाय तो बाहेर काढू दे.

चिंगी प्रवेश परीक्षेचा अभ्यास माझ्या शेजारी दुकानात बसून करते. त्यात एक प्रश्न आला: माणूस चालतो तेव्हा जमिनीचं घर्षण बुटावर कुठल्या दिशेने लागतं? मी टाके घालता घालता म्हटलं, मागच्या. त्यात विचारायचं काय? घर्षण म्हणजे अडवणं. चाळीस वर्षं लोकांच्या बुटांना सोल लावतेय. ती म्हणाली, पुस्तकात पुढच्या दिशेने लिहिलंय. मी म्हटलं, छापणारा झोपेत होता.

मग तिने मास्तरांची युक्ती सांगितली. घर्षण नाहीच असं धरायचं, वस्तू कुठे घसरेल ते बघायचं, घर्षण त्याच्या उलट. आता जे नाही असं धरलं, त्याचीच दिशा काढायची, ही कुठली रीत? आणि बूट घसरतच नाही तर घर्षण लागतं कशाला? त्याला म्हणे स्थितिक घर्षण म्हणतात. दिसत नाही, पण असतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती क्लासला गेल्यावर दुकानासमोरच्या फरशीवर साबणाचं पाणी ओतलं. एका वकिलाचे गुळगुळीत कातडी सोलचे बूट दुरुस्तीला आले होते, ते घातले आणि ऐटीत निघाले. चवड्यावर जोर दिला तसा पाय सटकन मागे गेला आणि मी पुढे, तोंडावर. म्हणजे पुस्तक खरं. शेजारचा शिंपी उचलायला आला आणि वर विचारतो, म्हातारे, नाचाचा क्लास लावलास का. उत्तर मिळालं, डावं मनगट गेलं. प्लास्टर आहे. कागद धरायला हात नाही, म्हणून हातोडी.

आता जे लिहायचं टाळतेय ते.

चिंगी आली आणि हात बांधायला फडकं शोधू लागली. ज्या लाकडी फर्म्यांवर आपण बूट चढवतो त्यांचं कपाट तिने उघडलं. फर्म्यांमागे तुझी तिच्या नावाची पत्रं होती. चार. पोस्टमन दुकानातच टपाल देतो, मी तिला दिली नाहीत. फोडलीही नाहीत, एवढं माझ्या बाजूने धर. तुला वाटलं पोरगी उत्तर देत नाही, तिला वाटलं आई विसरली, आणि मी दोघींना तसं वाटू दिलं. सहा महिन्यांत हिला नेते म्हणून तू नोकरीला गेलीस त्याला सात वर्षं झाली. पत्रं दडवली ती त्या रागाने, की ही पोर गेली तर दुकानात मी एकटी, या भीतीने, ते मला अजून कळलेलं नाही.

तिने चारही पत्रं वाचली. मग माझा हात बांधला, चांगला घट्ट, आणि म्हणाली, "आजी, तू मला धरून होतीस की अडवून?"

मी तिच्या मास्तरांचीच युक्ती काढली. म्हटलं, "मी नाहीच असं धर. मग तू कुठे घसरली असतीस ते बघ."

"घसरले नसते," ती म्हणाली. "आईकडे गेले असते."

त्यावर दोन दिवस आमचं बोलणं बंद. मी तिचे बूट घेऊन बसले. सोल दोन जागी झिजला होता, सगळ्यांचा झिजतो तसा, टाचेशी आणि चवड्याशी. इतकी वर्षं बघतेय, का ते कधी विचारलं नव्हतं. तिला विचारलं. प्रश्न पुस्तकातला म्हणून बोलली. टाच टेकते तेव्हा बूट पुढे घसरू बघतो, म्हणून जमीन त्याला मागे धरते. चवड्यावर जोर देऊन निघतो तेव्हा तो मागे घसरू बघतो, म्हणून जमीन पुढे लोटते. पाऊल एकच, जमीन तीच.

म्हणजे मीही खरी आणि पुस्तकही? की दोघं अर्धे? माझं डोकं चालत नाही. या सात वर्षांत मी टाचेशी किती होते आणि चवड्याशी किती, याचा मला पत्ता लागत नाही. तुम्हा दोघींना लागला तर मला कळवू नका.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. शनिवारी सकाळच्या बसने ती येते. मी पाठवत नाही, तिचं ती ठरवून येतेय. बुटांना खरखरीत रबरी सोल लावलाय. एका हाताने मला ते जमेना, म्हणून बूट तिने धरला आणि मी ठोकलं. बूट जागचा हलला नाही.

हे पत्र पेटीत टाकायला तिच्याच हाती देतेय. दुकानात चिकटवायच्या सोल्युशनचे तीन डबे आहेत. तरी पाकीट उघडं ठेवलंय.

तुझी आई