फुलझाडांचा कट्टा

४ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

कॉलेजच्या यादीत माझं नाव तिसरं आहे. तरी महिनाभर माझा मुक्काम दारातच. दाराला अकरा पायऱ्या आणि माझी चाकांची खुर्ची. शिपाईकाका आणि वर्गातली दोन मुलं मला खुर्चीसकट गोणीसारखी उचलतात. काल ते कामात होते, म्हणून तास संपेपर्यंत मी खाली उन्हात बसून राहिले.

प्राचार्य म्हणतात की घरी बस, नोट्स पाठवू, प्रयोगांचे सरासरी गुण देऊ. मला गुण नकोत, प्रयोग करायचे आहेत. उतार बांधायला जागाच नाही म्हणे. आई सांगते, नमतं घे. मी घेणार नाही. तुम्ही गवंडी आहात, खरंच जागा नसते का ते कळवा.

तुमची चिडकी,
भिंगरी

१० ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुला कधी सांगितलं नाही, पण ती इमारत मी बांधली. वीस वर्षं झाली. नकाशात पायऱ्यांच्या डावीकडे उतार होता. तेव्हाचे प्राचार्य म्हणाले, तसलं कोण इथे शिकायला येणार, त्यापेक्षा फुलझाडं लावू. मला ते पटलं, याचीच आज लाज वाटते. उताराच्या जागेवर मी कट्टा बांधला, आणि वर कौतुक करून घेतलं.

स्वतःवर इतका संतापलोय की तुझी मामी माझ्या वाऱ्याला उभी राहत नाही. जुना नकाशा ट्रंकेत सापडला, सोबत पाठवतो. त्यावर कॉलेजचा शिक्का आहे. दाखव त्यांना.

तुझा चुकलेला,
मामा

२४ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुमच्यावरही चिडले, म्हणून उत्तराला उशीर. अजून चिडलेलीच आहे.

नकाशा दाखवायला प्राचार्यांना खाली बोलावलं. शिक्का त्यांनी उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, समितीपुढे ठेवू, वर्षभर लागेल. मी खुर्ची कट्ट्याला लावली आणि सांगितलं, आजपासून मला कुणी उचलायचं नाही, मी इथेच बसणार. शिपाईकाकांनी हात मागे घेतले. चार दिवसांत अर्धा वर्ग माझ्याशेजारी खाली येऊन बसला. काल प्राचार्यांनी चरफडत परवानगीवर सही केली.

मैत्रिणींनी झाडं कुंड्यांत काढून ठेवली आहेत. रविवारी या. थापी नंतर लागेल, आधी घण आणा. बांधकाम तुमचं आहे, सहज फुटणार नाही.

लोभ आहे. वाढवायचा की नाही, ते मी उतारावरून वर गेल्यावर ठरवीन.

भिंगरी